‘कमी बजेट असूनही’ : मराठी चित्रपट-समीक्षकांना खुले पत्र

प्रति,
वृत्तपत्रांत, वाहिन्यांवर आणि समाजमाध्यमांवर मराठी चित्रपटांची परीक्षणे करणारे सर्व समीक्षक यांस,

स. न. वि. वि.

मी ठाण्यात राहते आणि गेली १४ वर्षे चित्रपटांसाठी ध्वनिमुद्रण व ध्वनिसंयोजन करते. काही महिन्यांपूर्वी प्रदर्शित झालेल्या एका छोट्या मराठी मानसशास्त्रीय थरारपटाचे ध्वनिकाम माझे होते. चित्रपटाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे पत्र त्याच्या जाहिरातीसाठी नाही आणि तो आता कोणत्याही चित्रपटगृहात लागलेलाही नाही. छापील आणि बोलकी मिळून त्याची ११ परीक्षणे मी जमवली आहेत. त्यांपैकी सातांमध्ये ‘कमी बजेट असूनही’ हे शब्द जसेच्या तसे आहेत, आणखी दोघांनी तीच गोष्ट ‘मर्यादित साधनांत केलेला प्रामाणिक प्रयत्न’ अशी सांगितली आहे, आणि तारे अडीच ते साडेतीन या दरम्यान आहेत. एवढे मिळाल्यावर तक्रार कसली करायची, असे आमच्या निर्मात्याचे म्हणणे आहे. माझी तक्रार आहे, आणि ती अशी की आपण आमच्याशी फार सौम्यपणे वागलात.

हे मी खोचकपणे लिहीत नाही. आपल्या परीक्षणांचे मोल मला ठाऊक आहे. निर्मात्याला प्रत्येक पडद्यामागे डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क भरावे लागते, खेळ मिळतात ते दुपारचे नाहीतर रात्री पावणेअकराचे, आणि शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारी चित्रपट उतरतो. अशा वेळी शनिवारच्या अंकातल्या चार चांगल्या ओळींनी एखादा खेळ वाचतो. आपण त्या ओळी आम्हाला दिल्यात, त्याबद्दल आभारी आहे. मात्र त्या ओळी कशाबद्दल होत्या, हे मी पुन्हापुन्हा वाचून पाहिले आणि त्या बहुतांशी आमच्या गरिबीबद्दल आहेत असे मला आढळले.

तेव्हा पैशाचा हिशेब आधी सांगते, कारण त्यावर आपण सर्वांनी लिहिले आणि विचारले मात्र कुणीच नाही. चित्रपटाला एकूण ४८ लाख रुपये लागले. चित्रीकरण १९ दिवसांत उरकावे लागले, कारण नौपाड्यातली ती तीन मजली इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली होती आणि विसाव्या दिवशी पाडकामाचा कंत्राटदार येणार होता. कथाही त्या इमारतीवरूनच सुचलेली. सगळी बिऱ्हाडे भाड्याच्या जागांत निघून गेली आहेत, तिसऱ्या मजल्यावर एक बाई अजून राहते आहे, आणि तिला रोज पहाटे साडेपाचला खालच्या रिकाम्या घरातून मिक्सर फिरल्याचा आवाज येतो. ज्यांनी ठाण्यात पुनर्विकासाच्या सभा, संमतीपत्रांवरच्या सह्या आणि ‘आधी भाड्याचा चेक, मग किल्ली’ ही भांडणे पाहिली आहेत, त्यांना त्या बाईची भीती समजावून सांगावी लागत नाही. आमच्याकडे जास्त पैसे असते तर आम्ही स्टुडिओत सेट उभारला असता आणि ती इमारत मला ऐकायलाच मिळाली नसती. गाद्या, पडदे, कपाटे निघून गेली की भिंती आवाज शोषायचे थांबतात. तळमजल्यावर कुणी चप्पल आपटली तरी ती तिसऱ्या मजल्यावर, थोडी उशिरा आणि भलत्याच दिशेने ऐकू येते. शेवटच्या रात्री सगळ्यांना रस्त्यावर उभे करून मी प्रत्येक खोलीचा ‘रूम टोन’, म्हणजे कुणीही काही करत नसताना खोलीचा जो आवाज असतो तो, पाच-पाच मिनिटे मुद्रित केला. चित्रपटातली भीती त्या मुद्रणांवर उभी आहे. त्यामुळे ‘कमी बजेट असूनही’मधला ‘असूनही’ कुठे बसवायचा, हे मला अजून कळलेले नाही.

बजेट जिथे खरोखर उघडे पडले ती जागा मीच दाखवते. पोलीस चौकीचा प्रसंग आम्ही त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, बंद पडलेल्या एका कोचिंग क्लासच्या खोलीत केला. हवालदार जबाब लिहून घेत असताना त्याच्या डाव्या खांद्यामागे रसायनशास्त्राच्या आवर्तसारणीचा तक्ता अर्धा दिसतो. संकलनात तो लपवता आला नाही. ११ परीक्षणांपैकी एकातही त्या तक्त्याचा उल्लेख नाही. म्हणजे बजेट दिसले म्हणून आपण बजेटबद्दल लिहिले असे नाही. ते प्रसिद्धीपत्रकात होते म्हणून लिहिले.

हा शेरा तसा जुनाच आहे. १९६० साली हिचकॉकचा ‘सायको’ आला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनीही हा चित्रपट उघडच कमी खर्चातला असल्याचे आपल्या परीक्षणात नोंदवले होते. नोंद चुकीची नव्हती. हिचकॉकने तो सुमारे आठ लाख डॉलरमध्ये, कृष्णधवल, आपल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या तंत्रज्ञांना हाताशी धरून केला. बर्नार्ड हरमन यांनी पार्श्वसंगीतात केवळ तंतुवाद्ये वापरली आणि सुरीच्या वारांचा आवाज खरबुजात सुरी खुपसून मिळवला गेला, ही आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असलेली गोष्ट. पण क्राउदर यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या दहा उत्तम चित्रपटांच्या यादीत ‘सायको’ घेतला. मत बदलले आणि ते छापून सांगितले, यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर आहे. आपल्याकडेही १९९९मध्ये राम गोपाल वर्मा यांचा ‘कौन’ आला होता. एक घर, तीन पात्रे, बाहेर पाऊस आणि गाणे एकही नाही. आज त्याच्याविषयी बोलताना लोक ऊर्मिला मातोंडकर यांच्या चेहऱ्याबद्दल बोलतात, खर्चाबद्दल नाही.

हिचकॉकने ‘सायको’ समीक्षकांना आधी दाखवला नव्हता. त्यांनाही प्रेक्षकांबरोबर बसून पाहावा लागला, आणि चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचे नाही असा नियम होता. आम्हाला असली मिजास परवडणारी नव्हती, म्हणून आम्ही आपणास घरबसल्या पाहण्यासाठी लिंक पाठवली. त्याचा परिणाम काय झाला ते सांगते. आपल्यापैकी एकाने नायिकेला ‘एकाकी विधवा’ म्हटले आहे. नायिकेचा नवरा जिवंत आहे. तो बावन्नाव्या मिनिटाला दार वाजवतो, आत येऊन चहा मागतो आणि मध्यंतरापर्यंत हलत नाही. त्याआधी पहिल्याच दृश्यात त्याचा फोटो भिंतीवर दिसतो आणि त्या फोटोला हार नाही. हार घालायचा की नाही यावर आमच्या कला-दिग्दर्शकाने अर्धा तास वाद घातला होता आणि शेवटी, मराठी प्रेक्षकाला बिनहाराच्या फोटोचा अर्थ सांगावा लागत नाही, या मुद्द्यावर तो जिंकला. मी नाव लिहिणार नाही. ज्यांनी लिहिले त्यांना कळेल, आणि बावन्नाव्या मिनिटापुढचा भाग अजूनही पाहता येईल. दुसऱ्या एकाने तर दुसऱ्याच परिच्छेदात शेवट सांगून टाकला. निदान त्यांनी तो पाहिला होता, असे म्हणून मी ते सोडून दिले आहे.

आवाजाबद्दल थोडे सविस्तर लिहायची मुभा द्यावी, कारण तो माझा प्रांत आहे. चित्रपटगृहातल्या ध्वनियंत्रणेवर एक फेडर, म्हणजे आवाजाची पातळी कमी-जास्त करायचे बटण, असतो आणि आम्ही मिक्सिंग करतो ते तो सातवर आहे असे धरून. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तो साडेचार-पाचवर ठेवतात, कारण जाहिराती आणि ट्रेलर कानठळ्या बसवतात आणि लोक तक्रार करतात. ठाण्यातल्या आमच्या पहिल्या खेळाला तो चारवर होता. चारवर आमचा रूम टोन एसीच्या घरघरीखाली बुडतो आणि ज्या शांततेत प्रेक्षकाने कान टवकारावेत, ती नुसती रिकामी वेळ वाटू लागते. मी धावत जाऊन प्रक्षेपण कक्षाचे दार वाजवले. तिथल्या मुलाने माझ्याकडे पाहून, काही न विचारता, पाच केले. त्याच्यावर न्यायला मॅनेजरची परवानगी लागते म्हणाला. मॅनेजर जेवायला गेले होते. आता आपल्यापैकी चौघांनी ‘पूर्वार्ध संथ आहे’ असे लिहिले आहे. तो संथ असेलही. पण आपण तो कोणत्या पातळीवर ऐकला, चित्रपटगृहात, लॅपटॉपवर की प्रवासात कानात बोंडे खुपसून, हे एकानेही लिहिलेले नाही. ज्या चित्रपटाची निम्मी कथा ऐकण्यात आहे त्याबद्दल हे सांगणे वाचकाच्या दृष्टीने आवश्यक नाही काय?

त्या घरात एक लंबकाचे घड्याळ आहे. मध्यंतरापर्यंत त्याची टिकटिक चालू असते, मध्यंतरानंतर ती नाही. पडद्यावर लंबक हलतच राहतो, आवाज मात्र आम्ही काढून घेतला आहे. आपण जे ऐकतो आहोत ते त्या बाईचे ऐकणे आहे, खोलीचे नव्हे, हे सांगण्याचा तो एकमेव धागा होता. पहिल्या खेळाला माझ्या शेजारी बसलेल्या एका आजींनी मध्यंतरानंतर दहाएक मिनिटांनी मला विचारले, “अगं, त्यांचं घड्याळ बंद पडलंय का?” (चित्रपट त्यांना मुळीच आवडला नाही, हेही त्यांनी जाताना सांगितले.) ११ परीक्षणांत घड्याळ कुठेही नाही. ‘पार्श्वसंगीत प्रभावी’ असे तीन ठिकाणी आहे. आमच्या चित्रपटात पार्श्वसंगीत एकूण नऊ मिनिटे आहे.

ही कल्पना माझी स्वतःची आहे असा दावा मी करणार नाही. १९६२ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या हर्क हार्वी या गृहस्थांनी, जे एरवी कारखान्यांसाठी आणि शाळांसाठी माहितीपट करीत, सुमारे ३३ हजार डॉलरमध्ये ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ नावाचा एक चित्रपट केला. त्याची नायिका चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, आणि मध्येच एखाद्या दुकानात किंवा रस्त्यावर तिच्याभोवतीचे सगळे आवाज एकाएकी नाहीसे होतात. लोक चालत-बोलत असतात, पण ती कुणालाच दिसत नाही आणि तिला काहीच ऐकू येत नाही. आवाज काढून टाकायला पैसे लागत नाहीत, धाडस लागते. तो चित्रपट तेव्हा आला तसा गेला. १९८९मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा कुठे लोकांनी त्याच्याकडे नीट पाहिले. मधली २७ वर्षे त्याला कुणी वाईट म्हटले असते तर कदाचित बरे झाले असते. माझ्या डोक्यात हे ‘पीपिंग टॉम’मुळे आले. मायकेल पॉवेल यांचा हा चित्रपटही १९६०चाच. ब्रिटिश समीक्षकांनी त्याला असे काही धारेवर धरले की पॉवेल यांची ब्रिटनमधली कारकीर्द जवळपास संपली. ते न्याय्य होते असे कुणीच म्हणणार नाही. पण त्या समीक्षकांचा संताप पडद्यावर जे दिसले त्याचा होता. कॅमेऱ्याने माणूस मारणाऱ्या नायकाबरोबर आपल्यालाही पाहायला लावले, हे त्यांना नेमके बोचले होते आणि त्यांनी नेमके तेच लिहिले. त्यामुळेच पुढच्या पिढीला त्यांच्याशी भांडता आले. ‘छान प्रयत्न’ या शेऱ्याशी कुणी कसे भांडणार?

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्या दोन गोष्टींकडे येते.

उत्तरार्धात एक डॉक्टर येतात आणि सात मिनिटांत नायिकेला काय झाले आहे ते समजावून सांगतात. मूळ पटकथेत हा प्रसंग नव्हता. ‘लोकांना कळणार नाही’ या भीतीने तो शेवटच्या आठवड्यात घातला गेला, आणि त्या बैठकीत मीही मान डोलावली होती. ‘सायको’च्या अखेरीस येणारे मनोविकारतज्ज्ञाचे लांबलचक भाषण त्या चित्रपटातला सर्वांत कच्चा भाग आहे, हे हिचकॉकचे चाहतेसुद्धा मान्य करतात, ते ठाऊक असूनही आम्ही तेच केले, आणि प्रसंग फारच कोरडा वाटतो म्हणून त्याखाली मी व्हायोलिन घातले. नऊ मिनिटांतली चार मिनिटे तिथे गेली आहेत. या प्रसंगाला आपण झोडपाल अशी माझी खात्री होती. दोन परीक्षणांत तो ‘माहितीपूर्ण’ ठरला आणि एकात ‘सामाजिक भान जपणारा’.

तो माहितीपूर्ण नाही. त्यातली माहिती चुकीची आहे. डॉक्टर ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द वापरतात आणि त्याचा अर्थ एका शरीरात दोन व्यक्ती असा सांगतात. छिन्नमनस्कता या मराठी प्रतिशब्दामुळे तसे वाटू शकते खरे, पण या आजारात भास होतात, नसलेले आवाज ऐकू येतात, संशय खोलवर रुजतात. दोन व्यक्ती आलटूनपालटून नांदण्याची अवस्था वेगळी आणि पुष्कळ दुर्मीळ आहे. चूक आमची. पण आपल्यापैकी चौघांनी ती तपासून न पाहता उचलली, आणि आता ती वर्तमानपत्राच्या कागदावर आहे. २००४ साली सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’ केला आणि त्यात अतुल कुलकर्णी यांनी या आजाराचा माणूस इतक्या बारकाईने उभा केला की घरच्यांची दमणूकही दिसावी. मराठीत हे होऊन गेले आहे. आमच्यासमोर ते ठेवून आम्हाला विचारणारा एकही समीक्षक भेटला नाही.

दुसरी गोष्ट एका वाक्याची आहे. नायिका पहाटेच्या मिक्सरची तक्रार घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाते तेव्हा तो दुसऱ्या सभासदाकडे वळून म्हणतो, “हिला ठाण्याला पाठवायची सोय करा, भाडं आम्ही देतो.” ती ठाण्यातच राहते आहे, असा तो विनोद. १९०१ सालापासून आमच्या गावात मनोरुग्णालय आहे, आणि पुणेकर जसे येरवड्याचे नाव घेतात तसे मुंबईकर वेड्याची थट्टा करताना ठाण्याचे नाव घेतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मुलुंडच्या मावसभावंडांनी आम्हाला सुट्टीत दुसरे काही चिडवल्याचे आठवत नाही. वाक्य लिहिले तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. चित्रपटगृहातही मोठा हशा आला, आणि तो स्पष्ट ऐकू यावा म्हणून वाक्यानंतर मी दीड सेकंद मोकळा ठेवला होता. हे माझे काम, मीच केलेले.

त्या खेळानंतर पायऱ्यांवर एक बाई आमच्यासाठी थांबल्या होत्या. त्या मनोरुग्णांच्या पुनर्वसनाचे काम करतात. बरा झालेला माणूस घरी न्यायला नातेवाईक येतच नाहीत, पत्ता बदलून निघून जातात, ही त्यांची रोजची अडचण. त्यांनी आम्हाला उपदेश केला नाही. एवढेच म्हणाल्या, “हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. वाक्य तुमचं होतं.” मग पुढे म्हणाल्या की सगळा चित्रपट त्या बाईच्या कानांनी ऐकायला लावलात, आणि त्या एका जागी आम्हाला सेक्रेटरीच्या बाजूला नेऊन बसवलंत.

मला या चित्रपटाबद्दल मिळालेले हे एकमेव परीक्षण. त्यात बजेट नव्हते, तारे नव्हते, आणि चूक नेमकी कोणत्या सेकंदाला आहे ते होते. ते शब्द आपल्या ११ जणांपैकी कुणाच्याही लेखणीतून आले असते, तर दुसऱ्या आठवड्याच्या प्रतीतून ते वाक्य काढायला मी निर्मात्याला भाग पाडू शकले असते. सामान्य प्रेक्षकाचे म्हणणे म्हणून त्याने ते बाजूला ठेवले, आणि छापून आलेल्या कौतुकाची कात्रणे दाखवून मला गप्प केले.

आपणाकडे वेळ कमी असतो, एका शुक्रवारी तीन-चार चित्रपट येतात आणि शब्दमर्यादा साडेतीनशेची असते, हे मला ठाऊक आहे. त्या साडेतीनशे शब्दांतले दहा आमच्या खिशावर खर्च करू नयेत, एवढी विनंती. तक्ता दिसला तर तक्त्याबद्दल लिहा. पूर्वार्ध संथ वाटला तर कोणत्या प्रसंगात मोबाइल काढून पाहावासा वाटला ते लिहा.

इमारत आता राहिलेली नाही. तिथे पत्रे लागले आहेत आणि आतून दिवसभर ड्रिलचा आवाज येतो. येत्या शनिवारी सायंकाळी सहा वाजता नौपाड्यातल्याच एका वाचनालयाच्या सभागृहात आम्ही चित्रपट पुन्हा दाखवणार आहोत. डॉक्टरांचा प्रसंग आणि ते वाक्य दोन्ही जागच्या जागी आहेत, मुद्दाम ठेवले आहेत, आणि पायऱ्यांवर भेटलेल्या त्या बाईंनीही येण्याचे कबूल केले आहे. स्पीकर भाड्याने आणले आहेत, आवाजाची पातळी मी स्वतः लावीन. आपल्यासाठी पुढच्या रांगेत ११ खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. दार सहाला बंद होईल.

कळावे,
आपली,
एक ध्वनिसंयोजक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)